माणसं किती, खुर्च्या किती: पदाधिकारी निवडीचं गणित आणि सत्तेतली निवड

स्पर्धा परीक्षेच्या नव्या बॅचला पहिल्या आठवड्यात मी एकच गणित फळ्यावर लिहून देतो. "११ जणांच्या समितीतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार किती प्रकारे निवडता येतील?" पाच मिनिटांत वर्गाचे दोन तट पडतात. काहींचं उत्तर १६५, काहींचं ९९०. गंमत अशी की आकडेमोड दोघांचीही बरोबर असते. १६५ वाल्यांनी मात्र गणित वाचलेलंच नसतं, पाठ केलेलं सूत्र दिसलं म्हणून लावून टाकलेलं असतं.

हीच मुलं दुपारच्या राज्यशास्त्राच्या तासाला "मुख्यमंत्री जनता निवडते" असं बिनधास्त लिहितात. मला या दोन चुका वेगळ्या वाटत नाहीत. निवड हा शब्द दिसला की आपण उत्तराकडे धावतो. कोणातून निवडायचं, कशासाठी निवडायचं आणि निवडणार कोण, हे विचारायचं राहून जातं. म्हणून दोन्ही विषय मी एकत्रच शिकवतो. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी हा लेख आहेच, पण सोसायटीच्या कमिटीत पहिल्यांदाच निवडून आलेल्यांनाही चालेल.

पेन उचलण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: निवड कोणातून करायची? म्हणजे पात्र माणसं किती? दुसरा: खुर्च्या एकमेकींपासून वेगळ्या आहेत की सगळ्या सारख्या? तिसरा: निवडणारा हात कोणाचा? गणिताच्या पेपरला पहिले दोन पुरतात. राज्यशास्त्रात तिसरा प्रश्न विसरलात तर बाकीच्या दोघांचा काही उपयोग नाही.

सोसायटीपासून सुरुवात

महाराष्ट्रातल्या शंभरापर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण सोसायटीची कमिटी आदर्श उपविधींनुसार ११ जणांची असते: ६ सर्वसाधारण, २ महिला, अनुसूचित जाती-जमातींसाठी १, इतर मागासवर्गासाठी १ आणि भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी १. मुदत पाच वर्षांची. सभासद कमिटी निवडतात आणि कमिटी आपल्यातूनच चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार निवडते. बऱ्याच सभासदांना वाटतं की आपण थेट चेअरमनलाच मत दिलं. तसं नसतं. म्हणजे तिसरा प्रश्न इथूनच, आपल्या जिन्यापासूनच सुरू होतो.

आता मोजू. चेअरमनच्या खुर्चीवर ११ पैकी कोणीही बसू शकतं. ते बसले की सेक्रेटरीसाठी १० उरतात, खजिनदारासाठी ९. उत्तर ११ × १० × ९ = ९९०. इथे गुणाकार का, बेरीज का नाही, ही शंका दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, आणि विचारावीच. चेअरमनच्या प्रत्येक पर्यायाला सेक्रेटरीचे दहा फाटे फुटतात, त्या प्रत्येक फाट्याला खजिनदाराचे नऊ. झाडाच्या फांद्यांसारखं. "हे आणि ते" अशी दोन्ही कामं करायची असतील तर गुणाकार. "हे किंवा ते" असं एकच करायचं असेल तर बेरीज. पुढचं निम्मं काम एवढ्यावर होतं.

मग १६५ कुठून आलं? समजा इमारतीला रंग द्यायचाय आणि कोटेशनं मागवायला कमिटीतल्याच तिघांची उपसमिती करायची आहे. तिघांचं काम एकच, खुर्च्या सारख्या. माने, डिसोझा आणि कुलकर्णी असे तिघे निवडले, तर पदांच्या हिशोबात हे त्रिकूट सहा वेळा मोजलं गेलं होतं: माने चेअरमन, डिसोझा सेक्रेटरी, कुलकर्णी खजिनदार; मग माने चेअरमन, कुलकर्णी सेक्रेटरी, डिसोझा खजिनदार; असं करत ३ × २ × १ = ६. उपसमितीत या सहांची एकच नोंद. म्हणून ९९० भागिले ६, म्हणजे १६५. पुस्तकात पहिल्याला पर्म्युटेशन म्हणतात, दुसऱ्याला कॉम्बिनेशन. वर्गातली पोरं एनपीआर आणि एनसीआर म्हणतात. सूत्र विसरलात तरी बिघडत नाही. आधी खुर्च्या वेगळ्या समजून मोजा, आणि त्या सारख्या निघाल्या तर आपसातल्या अदलाबदलीने भागा.

अटी आल्या की

खऱ्या कमिटीत मोकळं मैदान कधीच नसतं. काही वर्षं सेक्रेटरीपद सांभाळल्यामुळे हे मी जरा जास्तच खात्रीने सांगतो.

समजा ११ पैकी दोघांनाच हिशोब लिहिता येतो आणि खजिनदार त्यांच्यातलाच हवा. अशा वेळी अडलेली खुर्ची आधी भरायची. खजिनदार २ प्रकारे, मग चेअरमन १०, सेक्रेटरी ९. एकूण १८०. उलट चेअरमनपासून सुरुवात केलीत तर खजिनदाराच्या खुर्चीपाशी येऊन अडाल, कारण हिशोबवाल्यांपैकी एक आधीच चेअरमन झालाय की नाही हे माहीत नसतं. प्रत्येक शक्यता वेगळी मोजत बसावी लागेल. उत्तर तेच येईल, पण वेळ जाईल आणि परीक्षेत वेळ नसतो.

दुसरी अट प्रत्येक सोसायटीला ओळखीची. पहिल्या मजल्यावरचे काका आणि चौथ्या मजल्यावरचे काका पार्किंगवरून सहा वर्षं बोलत नाहीत. दोघं एकत्र पदावर नकोत. सरळ मोजण्यापेक्षा उलटं मोजा. दोघंही पदावर असण्याचे प्रकार किती? पहिल्या काकांना ३ खुर्च्यांपैकी एक, दुसऱ्यांना उरलेल्या २ पैकी एक, तिसरी खुर्ची उरलेल्या ९ जणांपैकी एकाला: ३ × २ × ९ = ५४. ते ९९० मधून वजा केले की ९३६. म्हणजे भांडणामुळे फक्त ५४ पर्याय गेले. कागदावर. प्रत्यक्षात त्या भांडणापायी सभा तीन वेळा तहकूब होते ती वेगळी.

तिसरी अट जरा फसवी आहे, इथे थांबून वाचा. ११ जणांत ३ महिला आहेत आणि तीन पदांवर किमान एक महिला हवी. हुशार मुलंसुद्धा असं करतात: आधी एक महिला निवडू, ३ प्रकारे, तिला खुर्ची देऊ, ३ प्रकारे, मग उरलेल्या दोन खुर्च्यांवर उरलेल्या दहांपैकी कोणीही, १० × ९. गुणाकार ८१०. दिसायला अगदी नीट, पण चूक. ज्या रचनेत चेअरमन आणि सेक्रेटरी दोन्ही महिला आहेत, ती एकदा "चेअरमनबाईंना आधी निवडलं" म्हणून मोजली गेली आणि पुन्हा एकदा "सेक्रेटरीबाईंना आधी निवडलं" म्हणून. तिन्ही महिला असलेली रचना तर तीनदा आली. खरं उत्तर काढायचं तर एकही महिला नसलेल्या रचना मोजायच्या: ८ × ७ × ६ = ३३६. ९९० वजा ३३६, म्हणजे ६५४. "किमान एक" हे शब्द दिसले की आधी "एकही नाही" मोजायचं, ही सवय लावून घ्या.

खुद्द कमिटीच्या निवडणुकीचंही असंच मोजता येतं. सर्वसाधारण ६ जागांना ८ उमेदवार, महिलांच्या २ जागांना ४, इतर मागासवर्गाच्या एका जागेला ३, बाकी दोन जागा बिनविरोध. निकालाच्या शक्यता २८ × ६ × ३ × १ × १, म्हणजे ५०४. आठांतून सहा निवडण्याचे २८ प्रकार कसे, तर सहा निवडण्याऐवजी घरी जाणारे दोन निवडा: ८ × ७ भागिले २. ही युक्ती पुढे राज्यसभेपाशी परत भेटेल.

मतं समसमान पडली तर? चिठ्ठी. हे केवळ सोसायटीत होतं असं समजू नका. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजप आणि शिवसेनेच्या उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरला. भाजपचे अतुल शहा निवडून आले. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेतली एक जागा एका कागदाच्या घडीवर गेली.

गावात हात बदलत राहिला

ग्रामपंचायतीचं थोडक्यात आटोपतो, पण तिसरा प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे इथे स्वच्छ दिसतं. महाराष्ट्रात सरपंच पूर्वी सदस्यांतून निवडला जायचा. २०१७ मध्ये थेट जनतेतून निवड सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द होऊन पुन्हा सदस्यांकडे गेली, २०२२ मध्ये परत थेट झाली. गाव तेच, खुर्ची तीच, हात मात्र पाच वर्षांत तीनदा बदलला.

गणितात काय फरक पडतो बघा. ९ सदस्य आपल्यातूनच सरपंच आणि उपसरपंच निवडत असतील तर ९ × ८ = ७२ प्रकार. सोडतीत सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं आणि सदस्यांत ५ महिला असतील तर अडलेली खुर्ची आधी: ५ × ८ = ४०. थेट निवड असेल तर सरपंचाचे उमेदवार वेगळेच असतात. समजा ४ जण उभे आहेत, मग ४ × ९ = ३६, कारण उपसरपंच अजूनही सदस्यांतूनच येतो. एकाच गावाची तीन उत्तरं. म्हणून गणितात "सरपंच" शब्द वाचून थांबू नका, नियम कोणत्या काळातला ते पाहा.

मंत्रालयाच्या पायऱ्या

विधानसभेत २८८ आमदार, बहुमताला १४५. आता तीन प्रश्न लावू.

निवडणारा हात कोणाचा? राज्यघटनेचा अनुच्छेद १६४ सांगतो की मुख्यमंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात आणि बाकी मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. केंद्रात हेच काम अनुच्छेद ७५ प्रमाणे राष्ट्रपती करतात. पण राज्यपालांना मोकळीक आहे असं नाही, कारण मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. जो सभागृहात बहुमत दाखवू शकेल त्यालाच बोलवावं लागतं. सही राज्यपालांची, वजन आमदारांचं, आणि आमदार निवडणारी जनता. परीक्षेत चार पर्यायांत "जनता", "आमदार", "राज्यपाल" असे तिन्ही दिले असतील तर प्रश्न "नेमणूक" विचारतोय की "निवड" ते आधी वाचा.

निवड कोणातून? इथे नवखे हमखास २८८ लिहितात. चूक. आमदार नसलेला माणूसही मंत्री किंवा मुख्यमंत्री होऊ शकतो, फक्त सहा महिन्यांत त्याने विधानसभा किंवा विधान परिषद यांपैकी एका सभागृहाचं सदस्य व्हायला हवं. पृथ्वीराज चव्हाण २०१० मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा राज्यसभेचे खासदार होते. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली तेव्हा ते कोणत्याच सभागृहात नव्हते. सहा महिने संपत आले असताना, मे २०२० मध्ये, ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले. गोव्यात मनोहर पर्रीकर मार्च २०१७ मध्ये देशाचं संरक्षणमंत्रिपद सोडून मुख्यमंत्री झाले आणि नंतर पणजीची पोटनिवडणूक लढले. गोव्यातलं ते उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा: तेव्हा ४० पैकी सर्वाधिक १७ जागा काँग्रेसच्या होत्या, भाजपच्या १३. मोठा पक्ष आणि बहुमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खुर्च्या वेगळ्या की सारख्या? ५ डिसेंबर २०२४ ला मुंबईत आझाद मैदानावर तिघांनी शपथ घेतली: मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि दोन उपमुख्यमंत्री, एकनाथ शिंदे आणि अजित पवार. केवळ गणितापुरतं तिघंही २८८ मधलेच हवेत असं धरू. मुख्यमंत्री २८८ प्रकारे. मग उरलेल्या २८७ मधून दोन उपमुख्यमंत्री. दोन्ही उपमुख्यमंत्री सारखे मानले तर २८७ × २८६ भागिले २, म्हणजे ४१,०४१. गुणाकार १,१८,१९,८०८. एक कोटीच्या वर! दोन्ही उपमुख्यमंत्री वेगळे मानले तर याच्या दुप्पट. मग सारखे मानायचे की वेगळे? राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हे पदच नाही, कायद्याच्या नजरेत ते मंत्रीच, त्यामुळे सारखे. आधी शपथ कोणी घेतली यावर ज्या घरांत वाद होतात त्यांनी दुप्पट धरावं.

मंत्रिमंडळाचा आकारही मोजलेला आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर नेऊन थांबवली. २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणजे महाराष्ट्रात जास्तीत जास्त ४३. गोव्यात ४० चे १५ टक्के फक्त ६ होतात, पण लहान राज्यांसाठी कमाल मर्यादा १२ च्या खाली येऊ नये अशी सोय आहे, म्हणून गोव्यात १२. टक्केवारीचं गणित करून ६ वर गोल करणारे दरवर्षी भेटतात.

२०१९: चार पक्ष, पंधरा जुळण्या

आता माझं आवडतं उदाहरण. २४ ऑक्टोबर २०१९ चा निकाल: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, उरलेले लहान पक्ष आणि अपक्ष मिळून २९. त्या महिन्यात टीव्हीसमोर बसून सगळा महाराष्ट्र बेरजा करत होता. आपण ते शिस्तीत करू.

चार मोठ्या पक्षांतला प्रत्येक पक्ष एक तर सरकारात असेल किंवा नसेल. प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणून २ × २ × २ × २ = १६ जुळण्या; कोणीच नाही ही एक वजा केली की १५. त्यातल्या १४५ गाठणाऱ्या किती? भाजपसोबत कोणताही एक पक्ष: १६१, १५९ किंवा १४९, तिन्ही चालतात. भाजपला वगळलं तर कोणतेही दोन पुरत नाहीत, जास्तीत जास्त ११० होतात. तिघं मिळून मात्र १५४. यांत आणखी पक्ष वाढवून होणाऱ्या जुळण्या धरल्या तर भाजपसोबत दोन पक्ष असे ३ प्रकार आणि चौघं एकत्र असा १. एकूण ८ जुळण्यांत बहुमत.

पण उगाच चौथा भागीदार कोण घेतो? एकही पक्ष काढला तरी सरकार पडेल अशा, म्हणजे नेमक्या पुरणाऱ्या जुळण्या चारच: भाजप-शिवसेना, भाजप-राष्ट्रवादी, भाजप-काँग्रेस, आणि शिवसेना-राष्ट्रवादी-काँग्रेस. आता कॅलेंडर काढा. पहिली जुळणी निवडणुकीआधीपासूनची युती, ती मुख्यमंत्रिपदावरून तुटली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला पहाटे दुसऱ्या जुळणीच्या नावावर फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला आणि २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणी घ्यायला सांगितल्यावर त्याच दिवशी दोघांचे राजीनामे आले. २८ तारखेला चौथी जुळणी सत्तेवर आली. चारपैकी तीन एका महिन्यात वापरून झाल्या! उरली फक्त भाजप-काँग्रेस, जी गणितात बसते आणि इतर कशातच बसत नाही.

आणखी दोन गोष्टी या आकड्यांत दडल्या आहेत. ५६ वाली शिवसेना आणि ४४ वाली काँग्रेस यांची ताकद या हिशोबात अगदी सारखी होती, कारण प्रत्येक जुळणीत एकाच्या जागी दुसरा चालत होता किंवा दोघंही लागत होते. बारा आमदार जास्त असून मोलभावात कागदोपत्री काहीच फरक नाही. दुसरी गोष्ट अपक्षांची. २९ चा आकडा मोठा वाटतो. पण भाजपने सगळे २९ घेतले तरी १३४. शिवसेना आणि राष्ट्रवादीने घेतले तरी १३९. मोठे पक्ष अखंड राहिले तर या २९ जणांमुळे एकही हरणारी जुळणी जिंकत नव्हती. "अपक्षांच्या हातात किल्ली" असं ज्यांनी तेव्हा ठासून सांगितलं त्यांनी बेरीज केली नव्हती. पक्षच फुटला तर अर्थात हा तक्ता फाडून टाकावा लागतो. ते २०२२ मध्ये झालं.

राष्ट्रपती: जिथे प्रत्येक मताचं वजन वेगळं

आतापर्यंत प्रत्येक हाताचं वजन एक होतं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तसं नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले खासदार आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार मतदान करतात. विधान परिषदेचे आमदार नाहीत, नेमलेले खासदारही नाहीत. हा प्रश्न वारंवार येतो. आमदाराच्या मताचं मूल्य म्हणजे राज्याची १९७१ ची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, आणि येईल त्याला पुन्हा १००० ने भागायचं. महाराष्ट्राची तेव्हाची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागाकार १७५.०४, म्हणून १७५. गोव्याच्या आमदाराचं मूल्य २०, उत्तर प्रदेशच्या २०८. सगळ्या आमदारांच्या मूल्याची बेरीज खासदारांच्या संख्येने भागली की खासदाराचं मूल्य मिळतं. २०२२ मध्ये ते ७०० होतं.

मतपत्रिकेवर फुली मारायची नसते, पसंतीक्रम लिहायचा असतो. म्हणजे खुर्ची एकच, पण मतदार माणसांना क्रम लावतो, आणि क्रम आला की पर्म्युटेशन आलं. तीन उमेदवारांत फक्त पहिली पसंती लिहिली तर ३ प्रकार, दोन लिहिल्या तर ६, तिन्ही लिहिल्या तरी ६. एकूण १५ प्रकारे वैध मत देता येतं.

हे पसंतीक्रम बहुतेक वेळा कोणी उघडूनही बघत नाही, कारण पहिल्याच फेरीत निम्म्याहून जास्त मतं पडलेली असतात. १९६९ मध्ये मात्र पडली नाहीत. १५ उमेदवार उभे होते. पंधरा जणांना क्रमाने लावण्याचे प्रकार १ लाख ३० हजार ७६७ कोटींच्या वर जातात, पण खरी लढत तिघांतच. व्ही. व्ही. गिरी ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी ३,१३,५४८ आणि आपले चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. हो, तेच सी. डी. देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणारे. जिंकायला हवी होती ४,१८,१६९, म्हणजे वैध मतमूल्याच्या निम्म्याहून एक जास्त. जिंकायला लागणाऱ्या या आकड्याला कोटा म्हणतात. गिरी पहिले असूनही कमी पडले.

मग तळातले उमेदवार एकेक करून बाद करत त्यांच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती मोजली गेली. शेवटी देशमुख बाद झाले. या सगळ्या वाटपात रेड्डींना ९१,८७९ जास्तीची मिळाली, गिरींना १८,५६२. रेड्डींना पाचपट वाटा मिळूनही गिरी ४,२०,०७७ वर पोचले आणि जिंकले. कोट्याच्या वर फक्त १,९०८. आजच्या महाराष्ट्राच्या ११ आमदारांच्या मतमूल्याहूनही कमी.

राज्यसभा: सहा निवडायचे की एक पाडायचा?

१० जून २०२२. महाराष्ट्रातून राज्यसभेच्या ६ जागा, उमेदवार ७. सातांतून सहा निवडण्याचे प्रकार किती? सूत्र लिहायला घेऊ नका. बाहेर कोण राहणार एवढं ठरवा: ७ प्रकार. शिवसेनेचे संजय पवार की भाजपचे धनंजय महाडिक, यावरच रात्रभर मतमोजणी ताटकळली.

इथे मत देतात ते विधानसभेचे आमदार. वैध मतं २८४. इथे प्रत्येक मत १०० मूल्याचं धरतात. कोटा काढायचा तर एकूण मूल्य जागांपेक्षा एक जास्त अशा संख्येने भागायचं आणि एक मिळवायचा: २८,४०० भागिले ७, अधिक १, म्हणजे ४,०५८. साधारण ४१ पहिल्या पसंती. सहाने न भागता साताने का? कारण ४,०५८ मूल्य सात जणांना एकाच वेळी मिळूच शकत नाही, ७ × ४,०५८ = २८,४०६ होतात आणि आपल्याकडे २८,४००. सहांना मात्र मिळू शकतं. जागांपेक्षा जास्त लोक निवडून येणार नाहीत असा हा सर्वांत लहान आकडा आहे.

पहिल्या पसंतीत पवारांना ३३, महाडिकांना २७. तरी महाडिक जिंकले. भाजपच्या पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ पडली होती, गरजेपेक्षा सातेक जास्त; ते दोघांचं मिळून सुमारे १४ मतांएवढं वजन दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे गेलं. २७ अधिक १४, कोटा पूर्ण. बाद झालेल्यांचीच मतं पुढे जातात असं १९६९ वरून वाटलं असेल, तर इथे विजेत्यांच्या ताटातलं उरलेलंही वाढलं जातं.

सरावाला दोन

पहिलं: १३ जणांच्या कमिटीतून चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि शिवाय उरलेल्यांतून दोघांची उपसमिती. खुर्च्या वेगळ्या त्या आधी, १३ × १२ × ११ = १,७१६. मग उरलेल्या दहांतून दोन, ४५. उत्तर ७७,२२०.

दुसरं: गोव्याच्या ४० आमदारांतून मुख्यमंत्री आणि ११ मंत्री, खाती अजून वाटलेली नाहीत. एका वाटेने आधी मुख्यमंत्री, मग ३९ मधून ११: ४० × १,६७,६०,५६,०४४. दुसऱ्या वाटेने आधी बारा जण, मग त्यांच्यातला एक मुख्यमंत्री: ५,५८,६८,५३,४८० × १२. दोन्ही गुणाकार हाताने करा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. ६,७०४ कोटी २२ लाख ४१ हजार ७६० आलं नाही तर पुन्हा करा. आणि खाती वाटायची झाली तर? अकरा खाती, अकरा मंत्री, प्रत्येकाला एक असं धरलं तर याच आकड्याला आणखी ३,९९,१६,८०० ने गुणायचं.